जुळणी आणि जबाबदारी

आपल्या मध्यमवर्गीय घरांतून हल्लीं एक नवाच हट्ट ऐकूं येतो. पूर्वीं शाळा संपविलेला मुलगा सायकल मागे, पुढें मोटारसायकल मागूं लागला. आतां तो संगणक मागतो, आणि तोही दुकानांत तयार मिळणारा त्यास चालत नाहीं. सुटे भाग स्वतः निवडून स्वतःच्या हातानें जुळविलेलाच त्यास हवा असतो. त्यावर अभ्यास करावयाचा आहे असें तो सांगतो. खेळ खेळावयाचे आहेत हें घरांतील सर्वांस ठाऊक असतें. हा हट्ट पुण्यामुंबईपुरता राहिलेला नाहीं. सौंदड हें गोंदिया जिल्ह्यांतील, धानाच्या बांध्यांनीं वेढलेलें लहानसें गांव. तेथील एका तरुणानें केलेली अशा भागांची यादी आमच्या पाहण्यांत आली. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, पॉवर सप्लाय, कॅबिनेट आणि मॉनिटर अशा आठ वस्तू तींत होत्या. प्रत्येक वस्तु नामांकित कारखान्याची, प्रत्येकीची हमी स्वतंत्र, प्रत्येकीची ख्याति मोठी. पण या आठही जणी एका घरांत नांदतील कीं नाहीं, याची हमी मात्र त्या यादींत कोणीच दिलेली नव्हती.

या लेखाचा विषय तीच न दिलेली हमी होय. प्रत्येक भाग निर्दोष असून संपूर्ण वस्तु सदोष निघाली, तर तो दोष कोणाचा मानावा? प्रश्न दिसावयास कारागिराचा आहे. पण थोडा खोल विचार केला तर तो नीतिशास्त्राचा आहे असें दिसून येईल.

मुळांत परक्या कारखान्यांचे भाग एकत्र नांदतात तरी कसे, हें आधीं पाहूं. १९८१ सालीं अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक विक्रीस काढला. त्याचे पुष्कळसे भाग बाहेरच्या कारखान्यांकडून घेतलेले होते, आणि त्याच्या अंतर्रचनेची माहिती कंपनीनें छापून प्रसिद्ध केली होती. त्यामुळें इतर कंपन्यांचीं यंत्रें व जोडभाग त्याच्याशीं मिळतेजुळते निघूं लागले, आणि 'कंपॅटिबल' हा शब्द या व्यवहारांत रूढ झाला. पुढें १९९५ सालीं इंटेल कंपनीनें 'एटीएक्स' नांवाचें मदरबोर्डाचें माप ठरवून दिलें. ३०५ मिलिमीटर लांबी, २४४ मिलिमीटर रुंदी आणि स्क्रूंच्या भोकांच्या नेमक्या जागा त्यांत सांगितलेल्या आहेत. आज एका देशांत बनलेला बोर्ड दुसऱ्या देशांत बनलेल्या कॅबिनेटांत अचूक बसतो, तो या मापाच्या जोरावर. त्या दोन कारागिरांची भेट कधींच झालेली नसते. दोघांनींही एकच माप मानलेलें असतें, इतकेंच. मानक म्हणजे अनोळखी माणसांनीं परस्परांस दिलेलें वचनच होय.

असें वचन नसलें म्हणजे काय होतें, हें सौंदडच्या जुन्या माणसांस सांगावयास नको. गोंदियाहून सौंदडवरून नागभीडकडे जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभीं बांधला गेला, तो अरुंद रुळांचा. दोन रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर. गोंदियावरून जाणारा मुंबई–हावडा मार्ग मात्र रुंद रुळांचा, म्हणजे १६७६ मिलिमीटरांचा. दोन्ही मार्ग आपापल्या परीनें चांगले, दोन्हींवरील डबे धडधाकट. पण एकाचा डबा दुसऱ्यावर चालणें अशक्य, म्हणून गोंदियास माल एका गाडींतून उतरवून दुसरींत भरावा लागे. विसाव्या शतकाच्या अखेरीस सौंदडचा मार्ग रुंद झाला. नागभीडहून नागपुरास जाणारा अरुंद मार्ग तर २०१९ पर्यंत चालू होता, आणि तोंवर नागभीडास गाडी बदलणें प्रवाशांस चुकत नसे. या खोळंब्यांत रुळांचा दोष नव्हता व डब्यांचाही नव्हता. दोष असलाच तर तो दोहोंच्या मधल्या जागेचा होता. आणि मधल्या जागेस सहसा कोणी मालक नसतो.

आपल्या प्राचीन शास्त्रकारांनीं या मधल्या जागेचा विचार फार बारकाईनें केला आहे. अर्थात् यंत्रासंबंधानें नव्हे, तर वाक्यासंबंधानें. शब्द एकापुढें एक मांडले म्हणजे वाक्य होत नाहीं. वाक्यार्थ कळण्यास आकांक्षा, योग्यता आणि सन्निधि या तीन गोष्टी लागतात, असें त्यांनीं ठरविलें. कित्येकांनीं तात्पर्यज्ञान ही चौथी गोष्ट तींत घातली. संगणकाची जुळणी करणाऱ्यानें याच चार कसोट्या हातीं धराव्या, असें आम्हांस वाटतें. कारण सुटे भाग व सुटे शब्द यांची जात एकच आहे.

आकांक्षा म्हणजे एका शब्दानें दुसऱ्याची वाट पाहणें. 'आणा' असें म्हटलें कीं 'काय आणावयाचें?' हा प्रश्न उभा राहतो. भागांचेंही तसेंच आहे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नांवाच्या शेवटीं 'एफ' हें अक्षर असतें, त्यांत पडद्यावर चित्र उमटविण्याची स्वतःची सोय नसते; ते वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची वाट पाहतात. हें अक्षर ज्याच्या नजरेंतून सुटलें, आणि ज्यानें 'कार्ड पुढच्या वर्षीं घेऊं' असा बेत केला, त्याच्या नशिबीं वर्षभर काळा पडदाच येतो. प्रोसेसर बिघडलेला नसतो; वाक्य अर्धवट राहिलेलें असतें.

योग्यता म्हणजे अर्थाचा अविरोध. विस्तवानें झाडें शिंपावीं असें कोणी म्हटलें, तर व्याकरण बिनचूक असूनही अर्थ जुळत नाहीं. डीडीआर-चार व डीडीआर-पांच या दोन पिढ्यांच्या रॅमच्या पट्ट्या शेजारीं ठेवून पाहाव्या. दोहोंची लांबी सारखी, दोहोंच्या कडेस २८८ संपर्कबिंदु. पण मधली खांच किंचित् निराळ्या जागीं असल्यानें एकीच्या खोबणींत दुसरी बसत नाहीं, आणि खांच एकाच जागीं असती तरी विजेच्या दृष्टीनें त्या एकमेकींच्या नव्हेत. ती खांच म्हणजे रचनाकारानें ठेवलेला एक मुका पहारेकरीच आहे. परंतु प्रत्येक ठिकाणीं असा पहारा नसतो. एएमडी कंपनीच्या एएम-चार या बैठकीच्या जुन्या मदरबोर्डांवर त्याच बैठकीचा नवा प्रोसेसर हातानें नीट बसतो. पण बोर्डांतील बायॉस नांवाची मूळ आज्ञावली जुनी असेल, तर ती त्यास ओळखतच नाहीं. ओळख पटविण्यासाठीं ती आज्ञावली सुधारावी लागते, आणि कांहीं बोर्डांवर ती सुधारण्यास आधीं एखादा जुना, ओळखीचा प्रोसेसर लावावा लागतो. बाहेरून बसणें आणि आंतून ओळख पटणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरीचें अनुमान करणें हा उतावळेपणा होय.

सन्निधि म्हणजे जवळीक, स्थळाची आणि काळाची. स्थळाची जवळीक उघड आहे: कार्ड कॅबिनेटापेक्षां लांब निघालें, किंवा प्रोसेसरावरचा थंडावा देणारा पंखा उंच निघून झांकण लागेनासें झालें, तर सारे गुण व्यर्थ. विदर्भाच्या उन्हाळ्यांत, जेथें बाहेरची हवाच पंचेचाळीस अंशांजवळ जाते, तेथें दाटीवाटीनें भरलेलें कॅबिनेट म्हणजे बंद खोलींत पेटविलेली शेगडीच म्हणावी. काळाच्या जवळिकीकडे मात्र दुर्लक्ष होतें. एक शब्द सकाळीं व दुसरा संध्याकाळीं उच्चारला तर वाक्य होत नाहीं. आमच्या वर्गांतील घरें पैसे सांठतील तसतशा वस्तू घेतात: दिवाळींत कार्ड, संक्रांतीस बोर्ड, पाडव्यास उरलेलें. पहिला भाग चालतो कीं नाहीं हें शेवटचा भाग आल्याशिवाय कळत नाहीं, आणि तोंवर परत करण्याची मुदत केव्हांच संपलेली असते. हमीचीं वर्षें तर खरेदीच्या दिवसापासून मोजलीं जातात. वस्तु खोक्यांत पडून राहिली म्हणून काळ थांबत नाहीं. ज्यास थोडथोडें घ्यावयाचें आहे, त्यानें पैसे थोडथोडे सांठवावे आणि भाग एकदम घ्यावे, हें साधें शहाणपण यांतून निघतें.

राहिलें तात्पर्य. 'सैंधव' या शब्दाचा अर्थ मीठही होतो आणि घोडाही होतो. जेवतांना मागितलें तर मीठच द्यावयाचें, हें बोलणाऱ्याच्या हेतूवरून कळतें. संगणकाचा हेतु ज्यानें ठरविला नाहीं, त्यास योग्य भाग कोणीही सांगूं शकणार नाहीं. सेकंदास साठ वेळां चित्र बदलणाऱ्या मॉनिटरापुढें सेकंदास दीडशें चित्रें रेखाटणारें कार्ड ठेवलें, तरी साठांहून अधिक पूर्ण चित्रें पडद्यावर येत नाहींत. गोंदिया-भंडाऱ्याच्या मालगुजारी तलावांकांठीं राहणाऱ्यांस हें समजाविण्यास यंत्रशास्त्र नको: तलाव कितीही विस्तीर्ण असो, पाट जेवढा रुंद तेवढेंच पाणी बांधींत येतें.

या चार कसोट्या लाविल्या म्हणजे 'सर्वोत्तम भाग' ही कल्पनाच लटकी पडते. उत्तमपणा हा भागाच्या अंगीं मीठासारखा मुरलेला नसतो. तो संबंधांत असतो. तरी यादी करणाऱ्याचें मन संबंधाकडे न जातां वस्तूकडे जातें, आणि त्यांतही जी वस्तु मित्रांस दाखवितां येईल तिच्याकडे जातें. सौंदडच्या त्या यादींत सर्वांत अधिक रक्कम ग्राफिक्स कार्डावर आणि सर्वांत कमी पॉवर सप्लायवर टाकलेली होती. पॉवर सप्लायची कोणी वाहवा करीत नाहीं. खेळाच्या चित्रांत तो दिसत नाहीं. परंतु सर्वांस वीज पुरविणारा तोच. रायझन-पांच ५६०० या प्रोसेसराची नोंदलेली शक्ति ६५ वॅट आणि आरटीएक्स ४०६० या कार्डाची ११५ वॅट. बेरीज १८० येते. तरीही कार्डाचे उत्पादक ५५० वॅटांचा सप्लाय सुचवितात, कारण इतर भागांसही वीज लागते, भार क्षणोक्षणीं उसळतो आणि कोणतेंही साधन सदैव आपल्या शेवटच्या मर्यादेवर राबविणें इष्ट नसतें. निकृष्ट सप्लाय बिघडला तर तो कधीं कधीं एकटा जात नाहीं. शेजाऱ्यांसही घेऊन जातो. घराच्या व्यवहारांत अदृश्य राबणाऱ्या माणसाच्या वाट्यास जें येतें, तेंच यादींत या भागाच्या वाट्यास आलें होतें, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. मिलिंद राजाशीं झालेल्या संवादांत भिक्षु नागसेनानें रथाचें उदाहरण घेऊन असें दाखविलें कीं चाक म्हणजे रथ नव्हे, आंस म्हणजे रथ नव्हे. 'रथ' हें या सर्वांस मिळून दिलेलें व्यवहारापुरतें नांव आहे. नैयायिकांनीं उलट पक्ष घेतला: अवयवांहून अवयवी निराळा आहे, तो एक स्वतंत्र पदार्थ आहे. या वादाचा निकाल लावण्याचा अधिकार आम्ही घेत नाहीं. पण उत्तरदायित्वाच्या दृष्टीनें पाहतां नैयायिकांचा पक्ष आम्हांस अधिक उपयोगी वाटतो. भागांच्या कर्त्यांनीं भाग केले. अवयवी त्यांनीं केलेला नाहीं. त्याचा कर्ता निवडणारा. तयार संगणक विकणारी कंपनी मधल्या जागेची मालकी पत्करते आणि तिचें मोल किंमतींत लावते. तरुण म्हणतो, 'सुटे भाग घेतले तर स्वस्त पडतें.' पडत असेल. पण त्या बचतींत मधल्या जागेची जबाबदारी त्यानें विकत घेतलेली असते, आणि ती बिलावर लिहिलेली नसते.

ही गोष्ट केवळ तात्त्विक नाहीं. एलजीए जातीच्या बैठकींत बोर्डावर केसासारख्या बारीक तारांच्या शेंकडों टाचण्या असतात. एलजीए-१७०० या बैठकींत त्यांची संख्या नांवाप्रमाणें १७०० आहे. प्रोसेसर बसवितांना हात घसरला तर त्यांतील एकदोन वाकतात आणि बोर्ड निकामी होऊं शकतो. अशा वेळीं मनांत येतें कीं खोकें पुन्हा बंद करावें आणि 'आलें तेंच असें आलें' म्हणून दुकानदाराकडे परत द्यावें. पाहणारें कोणी नसतें. येथें पारख संगणकाच्या ज्ञानाची नसते. 'मीं जुळविलें' असें अभिमानानें म्हणण्याचा हक्क ज्यास हवा आहे, त्यानें 'माझ्या हातून मोडलें' असें म्हणण्याची तयारी आधीं ठेवावयास हवी; एक हक्क घेऊन दुसरें ऋण टाळणें हें लबाडीचें होय.

याचा अर्थ सर्व भार खरेदी करणाऱ्यावरच टाकावा असा मात्र नव्हे. ज्या दुकानदारास गिऱ्हाइकानें दोन्ही भागांचीं नांवें उघड सांगितलीं, आणि ते जुळणार नाहींत हें ठाऊक असून ज्यानें मौन धरिलें, तो त्या मौनापुरता भागीदार आहे. जी कंपनी प्रोसेसराची बैठक बदलते, तिनें तसें ठळकपणें सांगणें हें तिचें कर्तव्य आहे. ज्ञान जेथें अधिक तेथें जबाबदारीही अधिक. पण अधिक जबाबदार दुसरा कोणी सांपडला म्हणून आपली जबाबदारी शून्य होत नाहीं. दोषाची वांटणी करतां येते. तो कोणाच्याच पदरीं नाहीं असें मात्र होत नाहीं.

सुट्या भागांच्या जुळणीकडे तुच्छतेनें पाहणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यांतील मुरंब्याचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं तेथें १९९१ सालीं 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला. त्याचे प्रोसेसर त्या संस्थेनें स्वतः घडविलेले नव्हते. ट्रान्सप्यूटर नांवाचे, इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे, बाजारांत मिळणारे ते प्रोसेसर होते. एकच प्रचंड प्रोसेसर न वापरतां असे अनेक लहान प्रोसेसर एकाच कामावर एकाच वेळीं लावावयाचे, ही त्या रचनेची युक्ति. येथील तंत्रज्ञांचें कर्तृत्व भागांत नव्हतें, भागांमधील संवाद साधण्यांत होतें. जुळणी हें दुय्यम प्रतीचें काम आहे, असें हें उदाहरण जाणणारा कोणी म्हणणार नाहीं.

यावर एक वडीलधारा आक्षेप येईल: तें राष्ट्रकार्य होतें, हा पोरखेळ आहे. आम्ही खेळास कमी लेखीत नाहीं. झाडीपट्टींत धान घरांत आल्यावर रात्ररात्र नाटकें चालतात. लोक गांवोगांवहून थंडींत येऊन बसतात, आणि त्यांचा उपयोग काय असें त्यांस कोणी विचारीत नाहीं. श्रमानंतरचा आनंद हें स्वतःच एक प्रयोजन आहे. आमचा आक्षेप खेळावर नसून 'अभ्यासासाठीं' या शब्दावर आहे. तो शब्द खोटा असला म्हणजे नुसती नीतीची हानि होत नाहीं, हिशेबही बिघडतो. अभ्यासाच्या संगणकास स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बहुधा लागत नाहीं. खेळाच्या संगणकास तें सर्वांआधीं लागतें. वडिलांस एक हेतु सांगावयाचा आणि यादी दुसऱ्या हेतूनें करावयाची, असें झालें म्हणजे दोघांच्या मधोमध लोंबकळणारें, ना अभ्यासाचें ना खेळाचें असें यंत्र घरांत येतें. तात्पर्य लपविलें कीं वाक्याचा अर्थ कळत नाहीं. आणि ज्या घरांत 'मला खेळावयाचें आहे' असें मुलास सांगतां येत नाहीं, त्या घरानें त्या खोट्या शब्दाचा कांहीं वांटा आपल्याकडेही घ्यावयास हवा.

येथवर आलेला वाचक कदाचित् म्हणेल, मग हीच रीति माणसांसही लावावी. आमच्या वर्गांत ती लावण्याची संवय आहेच. वधूवरांच्या पत्रिका घेऊन छत्तीसांपैकीं किती गुण जमले हें आपण मोजतों, आणि हल्लीं त्यांस शिक्षण, पगार व उंची यांचे रकाने जोडतों. तेथें मात्र आम्ही थांबूं. रॅमच्या पट्टीची खांच कारखान्यांत एकदा पडली ती पडली. ती शेजाऱ्यासाठीं आपली जागा बदलीत नाहीं. माणसाची खांच सहवासानें सरकते. दोन माणसें जुळलेलीं असतात म्हणून एकत्र राहतात, हें जितकें खरें, तितकेंच एकत्र राहून जुळतात हेंही खरें. म्हणून यादीची पद्धत माणसांस लावूं नये. माणसांच्या व्यवहारास यंत्रापासून घेण्यासारखी गोष्ट एकच आहे, आणि ती म्हणजे ज्यानें निवड केली त्यानें निवडलेल्यांकडे बोट दाखवून मोकळें होऊं नये. विवाह जमविणारे, मंडळें नेमणारे, संस्था चालविणारे आपण सर्वजण 'माणसें तर चांगलीं होतीं' असें म्हणून किती वेळां सुटलों आहों!

तेव्हां ज्या घरांत अशी आठ ओळींची यादी पुढें येईल, तेथील वडिलांनीं 'किती रुपये?' एवढ्यावरच थांबूं नये. हें खरोखर कशासाठीं, यांतील कोणती वस्तु कोणत्या वस्तूची वाट पाहते, आणि न जुळल्यास निस्तरणार कोण, हे तीन प्रश्न विचारावे व उत्तरें शांतपणें ऐकावीं. ज्या मुलास तीं देतां येतील, त्यास पैसे देण्यास हरकत नाहीं. ज्यास तीं देतां येणार नाहींत, त्यास पैसे देण्यापूर्वीं आणखी एक महिना द्यावा.